पुदिन्याचं बिऱ्हाड

पुदिना भिंतीपाशीच लावला होता, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रविवारी काकूंनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या बोट दाखवलं होतं, "इथे," आणि काकांनी गुडघे टेकून तिथे रोपं दाबली होती. आज बुधवार. आणि तोच पुदिना परसाच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी, जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखा ऐटीत उभा होता. भिंतीपाशी माती हातानं सारखी केलेली. काका ड्यूटीचा शर्टही न उतरवता एकदा नळाकडे बघत होते, एकदा भिंतीकडे. चोराचं काम म्हणावं, तर पुदिना चोरून तो त्याच घराच्या नळापाशी लावून जाणारा चोर काकांनी अजून पाहिला नव्हता.

काकू तर नाहीतच. काकूंची पाठ मध्यंतरी अशी धरली होती की चपलेत पाय घालायलाही दुसऱ्याचा खांदा लागायचा. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती, वाकायचं नाही. म्हणून बाग करायचं ठरलं तेव्हाच कामाची वाटणी झाली: जागा काकूंची, खड्डा काकांचा. परसातली जुनी टायरं, मोडकी खाट, डबर असं सगळं काकांनी उचलून बाहेर टाकलं, माती आणली, शेणखत आणलं. काकूंनी खुर्चीतून हुकूम सोडले. मध्ये डाळिंब, कोपऱ्यात लिंबू, त्याच्यासमोर अंजीर, आणि कडेनं पुदिना, कोथिंबीर, ओवा, गवती चहा. संसारात पहिल्यांदाच दोघांनी मिळून असं काही केलं होतं जे घर चालवण्यासाठी नव्हतं. काका शहर बसचे ड्रायव्हर, काकू कपड्यांच्या दुकानात रफूचं काम करायच्या. काका पहाटे निघायचे आणि दुपारी परतायचे. काकू दुपारी जायच्या आणि संध्याकाळी यायच्या. एकमेकांचं तोंड नीट दिसायचं ते रविवारी.

"म्हणजे मीच लावला नळापाशी," काका स्वतःशी पुटपुटले. "आणि डोक्यात भिंत घेऊन बसलो."

आता दुसरा कुणी असता तर संध्याकाळी बायकोला विचारून मोकळा झाला असता. पण या घरात तशी पद्धत नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका करपलेल्या पातेल्यावरून दोघांचं असं काही वाजलं होतं की दोघं कितीतरी दिवस शेजारणीमार्फत बोलत होती. त्यानंतर दोघांनी कानाला खडा लावला. दुसऱ्याची चूक दिसली तर गुपचूप निस्तरायची, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. स्वतःची दिसली तर दुसऱ्याला दिसायच्या आत निस्तरायची. काकूंचा तर धंदाच तो. त्यांनी केलेलं रफू खुद्द कोटाच्या मालकाला सापडायचं नाही. संसार सुखाचा झाला, यात वाद नाही. फक्त कुणी किती चुका केल्या, याचा थांगपत्ता दोघांनाही कधी लागला नाही.

काकांनी खुरपं घेतलं आणि काकू यायच्या आत पुदिन्याचं बिऱ्हाड पुन्हा भिंतीपाशी हलवलं.

शुक्रवारी तो परत नळापाशी होता.

काका खुर्चीत बसले. भिंतीपाशी नेला तो मीच, मग इकडे आणला कुणी? की नेलाच नाही, न्यायचं नुसतं मनात आलं? त्यांनी नखं पाहिली. नखांत माती होती, पण ती माती कुठली हे नखं थोडीच सांगणार. त्यांनी पुदिना पुन्हा उपटला, पुन्हा भिंतीपाशी लावला, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाले, "भिंतीपाशी. ऐकलंस? भिंतीपाशी." हे आपण पुदिन्याला सांगतोय की स्वतःला, ते त्यांनाही उमगलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रकरण पुदिन्यावर थांबलं नाही. अंजिराच्या जागी लिंबू आलं आणि लिंबाच्या जागी अंजीर. पाणी घालायला जावं तर माती आधीच चिंब. आपण घातलं आणि विसरलो असं समजून काका झारी ठेवून द्यायचे, आणि मग शंका नको म्हणून थोडं घालायचेच. कोथिंबीर पाण्यानं कुजून गेली. आणि गुरुवारी तर कहर झाला. मधोमध लावलेलं डाळिंब पाण्याच्या टाकीमागे गेलेलं दिसलं, नीट आळं करून, आळ्याभोवती खडे लावून. काका त्याला हात लावायलाही धजले नाहीत. हेही आपलंच, असं म्हणून ते आत आले आणि दार लावून घेतलं.

भीतीचं कारण वेगळंच होतं. काकांचे थोरले भाऊ असेच गेले होते. आधी किल्ल्या, मग नावं, मग एक दिवस हातात एक बूट घेऊन दारात उभे, आणि सख्ख्या भावाला विचारतायत, "आपण कोण? कुणाकडे आलात?" काकांना तो बूट अजून डोळ्यांसमोर दिसायचा. वहिनींनी पुढची वर्षं कशी काढली ते त्यांनी पाहिलं होतं. काकूंची पाठ तेवढं ओझं उचलणारी नव्हती.

शनिवारी काका बस चालवताना मनातल्या मनात अंजीर आणि लिंबू जागच्या जागी लावत होते आणि दवाखान्याचा थांबा मागे पडला. आतून एकच गिल्ला झाला. "अहो काका, झोपलात काय?" कंडक्टरनं घंटी बडवली. बस थांबली तेव्हा एक म्हातारी उतरली, तपासणीचे कागद छातीशी धरून, आणि भर उन्हात मागे चालत निघाली. शिवी देती तर काकांना बरं वाटलं असतं. ती नुसतंच म्हणाली, "असू दे बाबा, होतं असं."

होतं असं! मागे साठ माणसं बसलेली असताना असं होऊन चालत नाही. आज थांबा विसरलो, उद्या ब्रेक कुठला ते विसरलो तर? निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. सगळी नोकरी एका ओरखड्याशिवाय झाली होती, आणि आता शेवटी हे. काकांनी ठरवलं, सोमवारी डेपो मॅनेजरला सांगायचं आणि गाडी सोडायची. पण त्याआधी काकूंना सांगायला हवं होतं. आणि ते कसं सांगायचं, हे काही केल्या सुचेना.

रविवारी सकाळी दोघं परसात चहा घेऊन बसले. बाग समोर होती आणि दोघंही तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"अगं," काका म्हणाले, "मला जरा बोलायचंय."

"आधी मी बोलते." काकूंनी कप खाली ठेवला. "माझं डोकं ठिकाणावर नाहीये. दुकानात मी शालीचं काम परत केलं. म्हटलं, मी निम्मं रफू करून विसरून जाईन. मालक म्हणाले, काकू, बरं नाही का? काय सांगू त्यांना?"

"काय बोलतेयस तू?"

"मला आधी बोलू द्या हो. त्या रविवारी मी पुदिना भिंतीपाशी लावायला सांगितला. मग वाटलं, भिंत तापते, जळून जाईल. सोमवारी सकाळी मी तो नळापाशी हलवला. तुम्हाला नाही सांगितलं, कारण जागा चुकली माझी आणि वाकले ते वर. आणि दोन दिवसांनी बघते तर भिंतीपाशी! परत नळाशी नेला. परत भिंतीपाशी! म्हणजे मी हलवतच नाही, हलवल्याची मला स्वप्नं पडतात."

काकांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. चहा शर्टावर सांडला.

"हसताय काय? माझा जीव चाललाय इथे!"

"अगं, तो मी! भिंतीपाशी मी नेत होतो! मला वाटलं मीच चुकून नळाशी लावला!"

काकूंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी आधी काकांच्या दंडावर एक चापट मारली आणि मग डोळ्यांना पदर लावला. त्या हसतायत की रडतायत ते काकांना कळेना, आणि बहुधा काकूंनाही.

मग दोघं उठून बागेत फिरले आणि एकेका झाडाचा निकाल लावला. लिंबू? काकूंनी हलवलं, अंजिराला मोठी जागा हवी म्हणून. पाणी? सकाळी काकू, दुपारी काका. बिचारी कोथिंबीर दोघांच्या प्रेमानं मेली. काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. उद्या गाडी चालवायची, पुढेही चालवायची. थांबा काय, कुणाचाही चुकतो.

"धन्य आहोत आपण," काकू म्हणाल्या. "आणि हो, पाठ काही दुखली नाही माझी, सांगून ठेवते. पण एक सांगा, डाळिंब टाकीमागे कशाला नेलंत? तिथे ऊनच येत नाही."

काका अजून हसतच होते. "मी कुठे? ते तर तू नेलंस."

"मी नाही."

"अगं, असं काय करतेस. आता काय लपवायचं?"

"देवाशप्पथ नाही. मला वाटलं मीच नेलं असणार, म्हणून मी हात लावला नाही."

"मी पण," काका म्हणाले.

टाकीमागे डाळिंब उभं होतं. आळं गोल, खडे एकसारखे. ज्यानं केलं त्यानं मन लावून केलं होतं. परसात यायला वाट एकच, स्वयंपाकघरातून. भिंती माणसाच्या डोक्याहून उंच. लेक दुसऱ्या देशात. घरात तिसरं माणूस नव्हतंच. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि दोघांनीही ते हात मागे घेतले.

"मीच," काका म्हणाले. "माझ्या भावाचं रक्त आहे अंगात."

"तुम्ही नाही. मी." काकूंनी घाईघाईनं मान हलवली. "आठवलं मला. मंगळवारी. खडे मीच वेचले, नळाजवळचे. हो, आठवलं चांगलं. तुम्ही उद्या खुशाल ड्यूटीवर जा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत काकूंनी झाकलेली एकही चूक त्यांना सापडली नव्हती, पण हे रफू उघडं पडलं होतं. काकांची सगळी नोकरी वाचवायला काकू नको ते दुखणं स्वतःच्या अंगावर ओढून घेत होत्या. की खरंच आठवलं होतं त्यांना? क्षणभर काकांना ते खरं मानावंसं वाटलं. फार वाटलं. आणि त्याचीच त्यांना लाज वाटली, कारण ते खरं मानायचं म्हणजे काकूंना भावासारखं, हातात बूट घेऊन, दारात एकटं उभं करायचं.

ते आत गेले आणि त्यांनी डेपो मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, उद्यापासून मी गाडीवर येत नाही. डॉक्टरांकडे जायचंय."

"काका? काय झालंय? बरं आहे ना?"

"ते ठाऊक नाही साहेब. आमच्यापैकी एकाला काहीतरी झालंय."

"एकाला म्हणजे? कोणाला? तुम्हाला की काकूंना?"

काकांनी मागे वळून पाहिलं. काकू मागून आल्या होत्या. त्यांनी फोन काकांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि कानाला लावला.

"आम्हाला," त्या म्हणाल्या.