सात खणांची डबी आणि राहिलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी निळी डबी आहे. मला सात खण आहेत, दर वाराला एक. माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. पण जन्माचे सार्थक झाले ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, समुद्रात पिंजरे सोडून शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या वेंडलच्या घरी.

वेंडलला पूर्वी फिट्स येत, आणि मधूनच त्याचे मन काळवंडून जाई. दोन्हींवर डॉक्टरांनी एकच गोळी दिली होती, थोडीथोडी वाढवत नेलेली. त्याची बायको मर्ना दर रविवारी माझे खण भरी. आठ वर्षांत एकही फिट आली नाही. "हिच्यामुळे घर उभं आहे," असे ती पाहुण्यांना सांगे, आणि मी मनातून फुलून जाई.

कौतुक फार झाले की दुर्लक्ष सुरू होते. त्या डिसेंबरात शेवंडींचा हंगाम उघडला. मर्ना बहिणीकडे गेलेली. वेंडल घाईघाईने बेटावरच्या झोपडीत मुक्कामाला निघाला, आणि मी खिडकीतच राहिले. सहा दिवस माझी झाकणे कोणी उघडली नाहीत.

तो परतला तो थेट खिडकीशी आला. त्याने माझे सगळे खण तळहातावर उपडे केले. तेवढ्यात बहिणीकडून परतलेली मर्ना दारात आली.

"अरे, वेड लागलंय का? मूठभर गोळ्या?"

"वाऱ्यानं खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पिंजरे ओढतोच ना आपण? हे तसंच."

"गोळ्या म्हणजे पिंजरे वाटले तुला? ठेव आधी खाली!"

तिने औषधांच्या दुकानातल्या ओडेटबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकही घेऊ देऊ नका. इतका खंड पडल्यावर हा डोस एकदम घेतला तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. मी डॉक्टरांना आत्ताच विचारते. आणि तोवर समुद्र बंद."

"म्हणजे हंगाम बुडाला!" वेंडल गरजला. त्याने मला भिंतीवर आपटले. माझे गुरुवारचे झाकण तुटले.

थोड्याच वेळात तो स्वयंपाकघरात कोसळला. मर्नाने रुग्णवाहिका बोलावली, त्याला कुशीवर वळवले आणि घड्याळात फिटचा वेळ मोजत बसून राहिली. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, "बोटीवर असतो तर?"

डॉक्टरांनी पुन्हा अगदी लहान डोसापासून सुरुवात केली. कित्येक आठवडे बोट धक्क्यालाच होती. पण वेंडल वाचला.

मित्रांनो, एक खंत मला अजून छळते. ते सहा दिवस मला सगळे दिसत होते. पण मला तोंड नाही. तुमच्या घरात कुणाची गोळी खणात तशीच राहिलेली दिसली, तर तिला हात लावू नका. मात्र गप्पही बसू नका, लगेच मोठ्यांना सांगा. कदाचित ते रागावतील. तरी सांगा.