झाडानं गिळलेला हुक

हुक भुशात सापडला होता. बोटाएवढा, गंजलेला, त्याला निळ्या दोरीचा तुकडा अजून लोंबत होता… होबार्ट शहरातल्या हॉस्पिटलातून ते दोघं घरी परतले ती दुपार. ग्लेनिस स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "मर्विन, इथं आज एवढा उजेड कसा?" तो मागच्या दारानं बाहेर गेला. लग्नापासून जिथं ब्लॅकवुडचं झाड होतं, ज्याला तिची कपडे वाळवायची दोरी बांधलेली असायची, तिथं ओलं खोड आणि भुशाचा ढीग होता. ते महिनाभर घरी नव्हते. कुणीतरी ट्रक लावून, सावकाश, फांद्या बाजूला रचून झाड नेलं होतं. ग्लेनिस त्यानंतर खिडकीला पाठ करून बसायची. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

तोच हुक आता खिडकीपाशी, कामाच्या टेबलावर पडलेला असतो. मर्विन त्याला हलवत नाही.

"चहा विचाराल की नाही?" कॅरिस दार ढकलून आत आली. जवळच्या सिग्नेट गावात गिटारी बनवते. काखेत फडक्यात गुंडाळलेली फळी.

"किटली तिथंच आहे. हात मोडलेत का तुझे?"

"हात फळीत अडकलेत. एवढी नक्षी ओळखून द्या, मग चहा मीच करते. तुमच्या चहापेक्षा बराच होईल."

साऱ्या खोऱ्यातली माणसं लाकूड त्याच्याकडेच आणतात. गिटारीच्या लाकडाच्या गिरणीत त्यानं जन्मभर हेच केलं – रेषांची कुठली लाट खरी, कुठली करवतीची खूण, कुठलं लाकूड वाजेल, कुठलं तडकेल. त्यानं फळी खिडकीकडे धरली, फडक्यावर स्पिरिट घेऊन एकदाच पुसली, आणि लाकूड जागं झालं. आडव्या लाटा, दाट, काठापासून काठापर्यंत. फळी जरा कलती केली की उजळलेली लाट अंधारी व्हायची आणि अंधारी उजळायची. त्यांतून मधेच बारीक बुडबुडे वर आल्यासारखे. लाटा आणि बुडबुडे एकाच फळीत… असं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

"आणि हा काळा डाग," कॅरिस म्हणाली. "रोग असेल तर सांगा. नसेल तर फळी चिरून पुस्तकासारखी उघडणार. डाग दोन्हीकडे, पंखांसारखा."

डाग निळसर काळा होता. ब्लॅकवुडमध्ये लोखंड राहिलं की असाच डाग पडतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण डागाच्या मधोमध एक पोकळ खाच होती आणि खाचेला आकार होता – सरळ दांडा, पुढे वाकडं तोंड. फळीच्या एका टोकाला फांदीची गाठ होती. गाठीच्या कलावरून झाडाचा शेंडा कुठल्या बाजूला ते कळत होतं. त्यानं शेंडा वर केला. गाठीचं टोक वर आलं. हुकाचं तोंड खाली आलं.

खाली.

ग्लेनिसनं पहिला हुक उलटा बसवला होता. नवी नवरी, ओल्या चादरींची बादली, आणि दोरी टिकेचना, सारखी घसरून पडायची. तो पोट धरून हसला होता. मग तिनं त्याच पाकिटातला दुसरा हुक वर, सुलटा बसवला आणि म्हणाली, "तो पहिला खाऊ दे झाडाला. तुला चारचौघांत दाखवायला नको." वर्षांमागून वर्षं झाडानं तो खाल्ला. साल मिटली. तो आत आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं… आता एकालाच.

त्यानं टेबलावरचा हुक उचलून खाचेत ठेवला. बरोबर बसला, तोंड खाली करून.

"कुणाकडून घेतलीस?"

"लिओकडून. तुमच्या शेजारच्या. म्हणाला, जुना ओंडका शेडमध्ये पडून होता."

लिओ. होबार्टला होतो तेव्हा आमच्या कोंबड्यांना दाणा घालणारा लिओ. ग्लेनिसच्या दफनाच्या दिवशी मटण भरलेली पाई घेऊन आला, चर्चबाहेर शेजारी उभा राहिला आणि बोलायला काही नाही म्हणून म्हणाला, "माझे दिवसही वाईटच आहेत रे. पात्याचे दात गेले. कुण्या गाढवानं झाडात लोखंड ठोकलेलं." आणि मी – मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मर्विन फळी पुसत राहिला. लिओचे ओंडके रस्त्याला लागूनच रचलेले असतात. जाड खिळा, सालीखाली खोल ठोकलेला, वर चिखल… पातं त्यावर आदळेल, दात उडतील, या खेपेला लिओच्या तोंडावर उडतील. हे त्यानं सावकाश, परत परत पाहिलं. त्याला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

"मर्विन? वाईट आहे का?"

"लोखंडाचा डाग आहे. तडकणार नाही."

"बाकी नक्षी?"

त्यानं फळी पुन्हा कलती केली. लाट सरकली. आयुष्यभर लोकांच्या झाडांची पोटं तपासली आणि आपल्या मागच्या दारी हे उभं होतं, त्यावर आपले पायजमे वाळत होते. त्यानं ते झाड कधीच तोडलं नसतं. म्हणजे हे त्याला कधीच दिसलं नसतं, आणि तो हुकही नाही. लिओच्या करवतीनं दाखवलं. त्या माणसाचं एवढं देणं अंगावर आलं, ह्याचाच आता त्याला जास्त संताप येत होता. आणि हा संताप मघासारखा बरा वाटत नव्हता.

"अशी मी पाहिली नाही," तो म्हणाला. "बनव. फक्त गाठीची बाजू वर ठेव."

"उलटं लावलं तर छान दिसेल पण. हुकासारखं."

"ते उलटंच आहे. तसंच राहू दे."

कॅरिसनं त्याच्याकडे पाहिलं आणि चहाला उठली.

तिची गाडी वळणापलीकडे गेल्यावर तो मागच्या दारी आला. लिओच्या शेडमधून करवतीचा आवाज येत होता. पायरीवरच्या बादलीत सकाळी पिळलेले कपडे तसेच पडले होते. दोरीसाठी खांब अजून रोवायचा आहे. लिओकडे अजून जायचं आहे.