बर्फातली कानपिळी

शालूबाईच्या लेकीच्या लग्नाला मलकापूरच्या आसपासची निम्मी माणसं केवळ नवरदेव बघायला आली होती. नवरदेव मिकेल, डेन्मार्कचा. पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायला तो आला आणि त्याच कंपनीत इंजिनिअर असलेल्या क्रांतीवर जीव जडवून बसला. क्रांतीच्या बापानं, सयाजीनं, आधी आकांडतांडव केलं. मग एकदा त्या गोऱ्या पोराला उसाच्या रानात गुडघाभर चिखलात उभं राहून पाइप जोडताना बघितलं आणि गुपचूप होकार दिला. लग्न सरकारी नोंदणीनं झालं आणि मांडवात अक्षता टाकूनही झालं.

शालूबाईला खंत एकच. थोरला शंभूराज सैन्यात, त्याला रजा मिळाली नाही. आणि आपल्याकडे कानपिळी भावाशिवाय होत नाही. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरायचा. तो मान मामेभाऊ वीरधवलनं घेतला. शालूबाईनं डोळ्याला पदर लावला आणि फोटोग्राफर आकारामला बाजूला घेतलं.

"आकाराम, अल्बममधी माझा शंभू दिसला पायजे बग. आन् मागं बर्फ घाल. पोरगी बर्फाच्या मुलखात चालली हाय."

आकाराम हौशी माणूस. वीरधवलच्या धडावर त्यानं शंभूराजचं लष्करी टोपीतलं डोकं बसवलं. मांडवाचे खांब पुसून डोंगर उभे केले, तळ्यात दोन राजहंस सोडले. अल्बम बघून शालूबाई इतकी खूश झाली, की येईल त्याच्या मांडीवर तो ठेवायची आणि चहा गार होईपर्यंत पानं उलटायला लावायची.

मिकेलची इथली मुदत संपली, तो मायदेशी परतला. क्रांतीनं बायको म्हणून तिकडे राहण्याच्या व्हिसाचा अर्ज केला आणि पुरावा म्हणून याच अल्बममधले फोटो जोडले. घाईत होती, आणि लहानपणापासून असलेच अल्बम बघत आल्यानं तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही.

अर्ज नामंजूर झाला. पत्रात कारण लिहिलं होतं: फोटो बनावट आहेत, एकाच्या अंगावर दुसऱ्याचंच डोकं आहे, आणि एका फोटोत लष्करी टोपीतला इसम बर्फात उभा राहून नवरदेवाचा कान पिरगाळतो आहे. तेव्हा हे लग्न खरं आहे आणि राजीखुशीचं आहे याची खात्री पटत नाही. क्रांतीनं हे मराठीत सांगितलं तेव्हा शालूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीच्या संसारात आपल्याच हौसेनं माती कालवली, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गल्लीला विषय मिळाला. शेजारच्या रंगुबाईनं तर दारातच विचारलं, "पोरगी अजून हितंच व्हय गं? गोरा परत फिरकतोय का न्हाई?" शालूबाईनं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं.

शेवटी तिघं सांगलीला निमिषकडे गेली. परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून देणारा हा तरुण हुशार होता आणि उगाच आशा लावणारा नव्हता.

सयाजी म्हणाला, "फिरायचा व्हिसा काडू. एकदा तिकडं गेली की कोण बघतंय?"

"काका, ते बघतात," निमिष म्हणाला. "फिरायला म्हणून जाऊन मुक्काम ठोकला, तर परत पाठवतील आणि पुढची दारंही बंद होतील. शिक्षणाचा व्हिसा आहे, पण खरंच शिकायचं असेल तर. नोकरीचा आहे, तिथली कंपनी घेत असेल तर. नाहीतर मिकेलला इकडे येऊ दे."

"मला शिकायचं न्हाई," क्रांती म्हणाली. "माझा नवरा हाय तिथं. मी त्याची बायको म्हणूनच जाणार."

"मग पुन्हा अर्ज करा. मूळचे फोटो लागतील, आणि त्या अल्बमचा नीट खुलासा."

मूळचे फोटो आकारामनं कधीच पुसले होते. लग्नसराईत कार्ड रिकामं करावं लागतं, काकी, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. शालूबाईनं त्याला चार शब्द सुनावले आणि थेट रंगुबाईचं दार ठोठावलं.

"रंगे, तुज्या मोबाइलात लग्नाचं काय हाय ते समदं दे."

रंगुबाईची जीभ तिखट, पण मन मोठं. तिनंच घरोघरी फिरून सगळ्यांचे मोबाइल उघडायला लावले. काय काय निघालं! कानात हळद गेलेला मिकेल. तिखट रस्सा खाऊन डोळे पुसणारा मिकेल. उखाणा घेताना अडखळून "क्रांतीचं नाव घेतो, मला पाणी द्या" म्हणणारा मिकेल, आणि त्यावर लोळून हसणारा अख्खा मांडव. एकही फोटो धड नव्हता आणि एकही खोटा नव्हता.

"आन् खुलासा मी करनार," शालूबाई म्हणाली. "उद्योग माजा हाय."

क्रांती मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, तिनं ओसरीवर बसून त्याच्याकडे बघत सांगितलं, "सायेब, फोटो खोटं हायती. लगीन खरं हाय. माजा ल्योक सीमेवर हुता, त्येला बहिणीचं लगीन बघाया मिळालं न्हाई, म्हणून मी त्येचं डोस्कं बसवाया लावलं. बर्फ बी माजाच. जावायाचा कान कुनी मारायला धरलेला न्हाई, ती आमची रीत हाय. भाऊ नसला तर आईचा जीव ऱ्हात न्हाई. चूक माजी, शिक्षा पोरीला का?" क्रांतीनं खाली इंग्रजी ओळी टाकल्या आणि निमिषनं सगळं अर्जासोबत धाडलं.

मुलाखतीला क्रांती दिल्लीला, डेन्मार्कच्या वकिलातीत गेली. शालूबाईनं त्या दिवशी दोनदा आमटीत मीठ टाकलं. दुपारी फोन आला.

"आई, बाईसाहेब होत्या. कडक! तुझा व्हिडिओ माझ्यासमोर परत लावला. मग विचारलं, आता कान कोण पिळणार? मी म्हटलं, शंभू रजेवर आला की पिळणार हाय, मिकेलनं तयारी ठेवलीया. हसल्या गं त्या!"

हसल्यानं व्हिसा मिळत नाही, हे शालूबाई आता जाणत होती. पुढचे आठवडे तिनं जीव मुठीत धरून काढले. आणि एका सकाळी कुरिअरवाल्यानं पाकीट दिलं. क्रांतीनं उभ्या उभ्या फोडलं, वाचलं, आणि आतला व्हिसा आईसमोर धरला.

"काय म्हनून दिलाय?" शालूबाईनं विचारलं. "फिराय का शिकाय?"

"बायको म्हणून, आई. मिकेलची बायको म्हणून."

शालूबाई तशीच पिठाच्या हातानं दारात आली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आवं बायांनो! माजी लेक नांदाया निघाली! चोरून न्हाई, लपून न्हाई, नवऱ्याच्या घरी हक्कानं निघाली! ओटी भराया या समद्या!"

दारं उघडली, बाया धावल्या, रंगुबाईनं तर क्रांतीला उचलूनच धरलं. त्या कल्लोळात शालूबाईला एकदम हुंदका फुटला. इतके महिने लेक जावी म्हणून भांडली होती, आणि लेक आता खरोखरच जाणार होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, तोंडाला लागलेल्या पिठासकट हसली, आणि नारळ आणायला सयाजीला दुकानात पिटाळलं.