ओंडक्यातली काळी रेघ

सुनेचं हे वागणं कुठल्या शास्त्रात बसतं, हे म्हातारीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत मुलांना शिकवणारी बाई, आणि रोज सकाळी मागच्या अंगणात पालथी पडते. तीन वर्षांपूर्वी वादळात आडव्या झालेल्या झाडाला नाक लावून! शेजारणीनं कुंपणावरून विचारलंच, "सुनेला चक्कर आली का हो?"

"नाही, झाडाला आलीय. ती नाडी बघतेय," म्हातारी म्हणाली. आतून तिचा तिळपापड झाला होता.

आज तर कळस झाला. म्हातारीनं स्वतः बोलावलेले करवतवाले दारात, आणि सून ओंडक्यापुढे हात पसरून उभी.

"आई, एकदा बघा. मग खुशाल कापा."

"चाळीस वर्षं सुताराच्या घरात काढली मी. मला कुजकं लाकूड दाखवतेस?"

तरी ती वाकली. परक्यांसमोर हुज्जत नको. गुडघे कुरकुरले. सुनेनं हातात भिंग दिलं.

ओंडक्याच्या खालच्या अंगाला रंग सांडल्यागत बुरशी पसरली होती. ना देठ, ना छत्री, लाकडाला चिकटलेला नुसता पापुद्रा. पण भिंगातून! पिवळसर माळावर बारीक उंचवटे, कडेला पांढरी झालर, झालरीतला एकेक तंतू पुढं निघालेला. पलीकडून दुसरी येत होती, राखाडी.

"दोघी हेच झाड खातात. पण एक दुसरीला आत येऊ देत नाही," सून म्हणाली. तिनं मऊ पडलेला ढलपा अलगद उचकटला. आतल्या लाकडात केसाएवढी काळी रेघ, नागमोडी, कुठंही न तुटलेली. "ही त्यांच्यातली सीमा."

म्हातारीनं भिंग रेघेवर धरलं. अशी रेघ तिनं आधी पाहिली होती. नवरा अशाच फळ्या निवडून आणायचा, आणि ती कडाडायची, डागाळलेला माल तुमच्याच गळ्यात बरा मारतात! तो हसायचा. "अगं, कुणीतरी काढलंय हे." तिला ती थट्टा वाटे. कोण काढतं, हे त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. आणि काढणारे इथं होते, तिच्याच अंगणात, हात नाहीत, डोळे नाहीत, अख्ख्या झाडाची माती करता करता.

"सुरू करायचं का, आजी?" करवतवाल्यानं विचारलं.

"चहा घ्या आणि निघा."

मग ती सुनेकडे वळली.

"वेडी आहेस तू. पण बघावं कसं, ते तुला कळतं. या घरात असं एकच माणूस होतं, त्याला मी जन्मभर टाकून बोलले. तुला बोलणार नाही. ओंडका राहील."