फाटकाकडे तोंड करून

मित्रांनो, हसू नका, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझं कापड विटलंय, एक पाय किंचित लंगडतो आणि उघडताना मी हमखास कुरकुरते. पण एके काळी या शहरातले रस्ते माझ्यावर बसून सुधारले गेले, हे मी ठणकावून सांगते!

माझ्या बाई नगरपालिकेत रस्ते आणि चौक सुधारणाऱ्या अधिकारी होत्या. त्यांची एक खोड होती. काम कुठलंही असो, आधी मला काखेत मारायचं, तिथे नेऊन मांडायचं आणि नुसतं बघत बसायचं. लोक रस्ता कुठून ओलांडतात, सावली कुठे पडते, दमलेला माणूस कशाला टेकतो. "आल्या गं खुर्चीवाल्या बाई!" म्हणून भाजीवाल्या चिडवायच्या. बाईही खळखळून हसायच्या. काय दिवस होते ते!

एकदाच त्यांनी मला नेलं नाही. शाळेसमोरच्या चौकाचं काम होतं आणि मोठ्या साहेबांना उद्घाटनाची घाई. बाईंनी कचेरीत बसूनच आराखडा काढला. मधोमध कारंजं, त्याच्याकडे तोंड करून बाकं. दिसायला एकदम झकास! मी कपाटामागे धूळ खात रुसून बसले होते.

उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांनी बाई मला काखेत घेऊन दुसऱ्या कामावर निघाल्या आणि आम्ही त्या चौकातून चाललो होतो. बघतो तर बाईंचे वडील भिंतीला धरून उभे. गुडघे फार दुखायचे त्यांचे, तरी नातीला शाळेतून आणायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

"अहो बाबा, बाकं रिकामी आहेत, बसा की!"

"बसलो की फाटकाकडे पाठ होते गं. पोरगी बाहेर आली आणि मी दिसलो नाही, तर रडेल ना ती."

आजूबाजूचे सगळे आजी-आजोबा उभेच होते. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तिथेच मला मांडून त्या शाळा सुटेपर्यंत बसल्या आणि मग तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"उद्घाटन झालंय, बाई! आता बाकं उखडायची? लोक हसतील."

"हसू द्या, साहेब. बसून तरी हसतील."

बाकं फिरवली गेली. आजोबा कडेच्या बाकावर टेकले, "आता कसं!" म्हणाले आणि फाटकाकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून भरून येतं.

आता आजोबा नाहीत. बाई निवृत्त झाल्या आणि मला घरी घेऊन आल्या. यंदा त्यांची स्वतःची नात त्याच शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मी वाट बघत होते, आत्ता मला काखेत घेतील. पण छे! बाई मोकळ्या हातांनीच निघाल्या. तिथे बाक होतं ना. लागलं मला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात चिमुरडी घरी आली ती ओरडतच, "आजी, मला तू लांबूनच दिसलीस!" झालं, माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

म्हणून सांगते मित्रांनो, चौकातल्या बाकांवर नावं कोरू नका, चिखलाचे पाय देऊ नका. तिथे कुणीतरी तुमचीच वाट बघत बसलेलं असतं.