पाच वाजता फिरणारी तारीख

मित्रांनो, पोटावर उलटी अक्षरं घेऊन जन्माला आलेला मी एक जुना शिक्का आहे. उलटा म्हणून हसू नका. मी उलटा आहे म्हणून कागदावर सुलट उमटतो. एका अरुंद दुकानात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या कारागिराने माझ्या रबरावर ‘प्राप्त’ हा शब्द कोरला. त्याखाली दिवस, महिना आणि वर्ष यांच्या तीन फिरत्या पट्ट्या बसवल्या आणि वर लाकडी मूठ लावली. मग मी एका सरकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर आलो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी या टेबलावर यायचा. माझा ठसा बसला की कागद आला, नाही बसला तर तो आलाच नाही, असा तिथला कायदा होता.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे आवकबाई म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. कामाला वाघ, पण बोलायला मऊ. त्यांना एकच खोड होती. पाचच्या ठोक्याला त्या माझी पट्टी पुढच्या दिवसावर फिरवून ठेवत. कार्यालय साडेपाचला बंद होई, पण पाचनंतर क्वचितच कोणी यायचं. “सकाळी रांग असते, तेव्हा कोण फिरवत बसणार? आजच करून ठेवलेलं बरं,” असं त्या म्हणत. सगळे या शिस्तीचं कौतुक करत. खोटं कशाला सांगू, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग तो नदीचा कायदा आला. नदीकाठी कापड रंगवणारे सगळे कारखाने सहा महिन्यांत बंद करायचे, असा त्याचा मसुदा होता. लोकांनी आपल्या हरकती आणि सूचना तीस तारखेपर्यंत आवक टेबलावर द्यायच्या होत्या.

काय सांगू तुम्हाला! महिनाभर माझ्यावरची शाई वाळली नाही. वरच्या अंगाचे रंगारी यायचे आणि म्हणायचे, “आमच्या पोटावर पाय देऊ नका.” खालच्या वस्तीतले लोक बाटल्या घेऊन यायचे. सोमवारच्या बाटलीत निळं पाणी, गुरुवारच्या बाटलीत लाल. “हे तुमच्या पोरांना पाजाल का?” असं विचारायचे. दोघं एकाच रांगेत उभे राहून एकमेकांची उणीदुणी काढत. मी मात्र दोघांच्याही कागदांवर सारखाच उमटायचो. याचा मला फार अभिमान होता.

तीस तारखेला, पाच वाजून गेल्यावर, जिन्यावरून भांडणाचा आवाज आला. दोन माणसं एक कागद दोन्हीकडून धरून वर आली. एक होता रंगारी. त्याच्याकडे अकरा माणसं कामाला होती. दुसरी त्याची थोरली बहीण, खालच्या वस्तीत दिलेली. तिच्या मुलीच्या हातांवर त्या पाण्याने पुरळ उठलं होतं.

“ताई, दोन वर्षं लिही. दीड वर्षात टाकी बांधून होत नाही.”

“दीडच्या वर एक दिवस नाही. तुझ्या भाचीचे हात बघितलेस ना?”

“बघितले म्हणून तर आलोय! नाहीतर घरी बसून सुपारी कातरली असती.”

महिनाभर आलेल्या सगळ्या कागदांत हा एकच कागद असा होता, ज्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. कारखाने लगेच बंद करू नका, पण सगळ्यांनी मिळून पाणी शुद्ध करायची एक टाकी बांधा, ती होईपर्यंत मुदत द्या, असं त्यात लिहिलं होतं; मुदतीचा आकडा तेवढा कोरा होता. शेवटी ताईंनी “पावणेदोन लिही आणि गप्प बस” असं म्हटलं, तेव्हा आवकबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी मला शाईत बुडवलं आणि कागदावर दाबलं. मग पोच म्हणून द्यायच्या प्रतीवरही दाबलं.

मी उमटलो एकतीस तारीख होऊन.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. बाईंचं लक्ष नव्हतं. भावाबहिणीने पोच न बघताच घडी घालून ठेवली. तेव्हापासून माझी झोप उडाली. दिवसा शेकडो कागदांवर उमटायचो, पण मन त्या एकाच कागदापाशी अडकलेलं असायचं. गठ्ठे वर गेले, छाननी झाली. दहा दिवसांनी फलकावर याद्या लागल्या. शेवटच्या यादीवर लिहिलं होतं, ‘मुदतीनंतर आलेले, विचारात न घेतलेले’. त्यात एकच नोंद होती.

फलक माझ्या टेबलासमोरच होता. ताई भावाला म्हणाल्या, “पाच वाजून जावेत म्हणून जिन्यावर मुद्दाम वेळ काढलास ना? तुला हा कागद पोचायलाच नको होता.”

“मी? दीडवर अडून कोण बसलं होतं?”

“आजपासून तुझं माझं काही नातं नाही,” असं म्हणून ताई चालू लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर तर मी होतो, समोर टेबलावर गुमान बसलेला.

आवकबाई उठल्या. त्यांनी रंगाऱ्याच्या हातातली पोच घेतली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

“साहेब, कागद वेळेत आला होता. तारीख मी आधीच फिरवली होती.”

साहेब म्हणाले, “बाई, तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. आता हे बोललात तर दोन्हीकडचे म्हणतील कागद मागून घुसवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाऊ द्या.”

बाई परत येऊन खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, संपलं.

बारा तारखेला जाहीर सुनावणी होती. त्या वेळी येणाऱ्या कागदांसाठी बाईंचं टेबल सभागृहाच्या दाराशी मांडलं होतं. आत नुसता कल्लोळ चालला होता. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांकडे पाहतही नव्हते. पाच वाजले. बाईंचा हात आपोआप माझ्याकडे आला, पट्टी फिरली. वीस मिनिटांनी अध्यक्षांनी विचारलं, “अजून कोणाला काही सांगायचं आहे?” तेव्हा आवकबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. दिवसभर एकमेकांवर ओरडणारे दोन्ही गट पहिल्यांदाच एका सुरात ओरडले, “सेटिंग आहे! कशावरून खरं?”

बाई गोंधळल्या. त्यांच्याकडे साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, अध्यक्षांसमोर नेलं आणि कोऱ्या कागदावर दाबलं. “आज बारा तारीख आहे. हे वाचा.”

अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, “प्राप्त, तेरा.”

“पाच वाजून गेलेत ना, साहेब,” बाई म्हणाल्या. “माझा हात असाच आहे. चूक माझी आहे. त्या दोघांची नाही.”

आधी कोणीतरी हसलं, मग ‘सेटिंग’ म्हणणारे एकेक करून खाली बसले. अध्यक्षांनी कागद दाखल करून घेतला. तो वाचायला रंगारी उठला, पण दोन ओळींतच अडखळला. समोरच्या बाजूने ताई उठून आल्या, त्याच्या हातातून कागद घेतला आणि उरलेला त्यांनी वाचला. पावणेदोन हा आकडा आला तेव्हा जरा जास्तच ठासून वाचला.

कायदा झाला. त्यात टाकी आली, मुदत मात्र एकच वर्षाची मिळाली. भाऊ म्हणतो कमी आहे, बहीण म्हणते पुरे आहे, पण दोघं हे एकाच घरात बसून म्हणतात, असं शिपाईकाका सांगत होते. आवकबाईंना ठपक्याचं पत्र मिळालं आणि टेबल बदललं. माझ्या जागी आपोआप तारीख बदलणारं यंत्र आलं. मी कपाटात, मोडक्या टाचणयंत्राशेजारी पडून आहे.

इथे मला भरपूर वेळ आहे, आणि तोच खायला उठतो. पाचनंतर क्वचितच कोणी यायचं, असं मी म्हणालो. पण येत होतं, मित्रांनो. धापा टाकत येत होतं. इतक्या वर्षांत अशा किती जणांच्या कागदांवर मी उद्याचा दिवस उमटवला असेल? त्यांतले कितीजण ‘आपल्यालाच उशीर झाला’ असं म्हणत मुकाट्याने घरी गेले असतील? त्यांच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही.

म्हणून एवढंच मागतो. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हातात शिक्का आला, तर तो दाबण्याआधी एकदा उलटा करून बघा. आणि समोरचा म्हणाला की मी वेळेत आलो होतो, तर शिक्क्याकडे नंतर बघा, आधी त्याचं ऐकून घ्या.