सदतिसावा चुंबक

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी तपासणीला आहे, एकोणीस वर्षं. स्वभाव तिखट. कुणाची चूक दिसली की मी तोंडावर बोलते, मागाहून गोड बोलणं मला जमत नाही. त्या दिवशी मात्र माझी दातखीळ बसली होती.

काम हेलिकॉप्टरचं होतं. ते उडताना सतत थरथरतं, आत बसणाऱ्याची पाठ खिळखिळी होते. ती थरथर मारायला आत एक वजन असं फिरवायचं, की त्याची थरथर बरोबर उलटी पडावी. पण ते वजन फिरवणाऱ्या साध्या गिअरचे दात एकमेकांवर आपटतात आणि आपली वेगळीच थरथर सुरू करतात. म्हणून आमच्या गिअरला दातच नव्हते. दातांच्या जागी चुंबक. एक कडं दुसऱ्याला न शिवता फिरवायचं. कड्यावर अठ्ठेचाळीस चुंबक, एकाची उत्तर बाजू बाहेर, पुढच्याची दक्षिण. उत्तरेला लाल रंगाचा ठिपका.

ते बसवायची रंभा. मानपाड्याहून यायची, घरात कमावती ती एकटीच. नऊ वर्षांत तिचा एक चुंबक उलटा लागला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बंगळुरूच्या ग्राहकाचा इंजिनिअर चाचणीला आला. गिअर फिरला आणि स्क्रीनवरची थरथरीची रेघ खाली बसायच्या ऐवजी वर चढली. कडं उघडलं, तर सदतिसावा चुंबक उलटा. इंजिनिअरने चार वाजेपर्यंत लेखी कारण मागितलं, नावासकट. ज्याचं नाव लागेल त्याने पुन्हा उडणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. आमच्याकडे त्याशिवाय दुसरं काम नाही, म्हणजे नोकरीच गेली. सलिलने, म्हणजे आमच्या मालकाने, रंभाचं नाव लिहिलं. चाळिशी लागली आहे तिला, दिसलं नसेल, असं कुणीतरी म्हणालं. रंभाने चष्मा काढून पुसला.

मी तो काढलेला चुंबक हातात घेतला. दोन्ही बाजूंना लाल ठिपका होता. एकावर अंगठा घासला, तर अंगठा लाल झाला. रंग असा सुटत नाही. ते कुंकू होतं.

खंडेनवमीची पूजा दरवर्षी मीच करते. मशीनला, चुंबकाची बाजू दाखवणाऱ्या गेजला, आणि ट्रेमधल्या एका चुंबकाला, सगळ्यांच्या वतीने म्हणून, ओलं कुंकू लावते. जी बाजू वर होती तिलाच बोट टेकवलं असणार मी. कुंकू वाळलं आणि रंभाला ते उत्तरेचा ठिपका वाटलं.

तरीही चूक तिथेच सापडायला हवी होती. बसवलेल्या प्रत्येक चुंबकाला गेज लावून बघायचं, हे माझं काम. मी गेज न लावताच कागदावर अठ्ठेचाळीस बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

मी बेसिनवर गेले आणि अंगठा धुतला. खोटं कशाला बोलू, साबण लावून धुतला. दोन वर्षं उरली होती निवृत्तीला. परत आले तर रंभा आपला चष्मा आणि चिमटा पिशवीत भरत होती, इतकं हळू, की कुणाला आवाज जाऊ नये. मला माझीच किळस आली.

सलिलला म्हटलं, तिचं नाव खोड. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा तपासणीचा शिक्का जाईल, म्हणजे नोकरीच." म्हटलं, जाऊ दे. कागदावर माझ्या अक्षरात माझं नाव लिहिलं, या गिअरची तपासणी मी केली नाही असं लिहिलं, सही केली. खरं सांगते, जरा बरंही वाटलं. मोठं काहीतरी केल्यासारखं.

रंभाला जाऊन सांगितलं. वाटलं, रडेल, हात धरेल. ती उलट स्टुलावर बसली.

"ताई, तो बसवताना हाताला ढकलल्यासारखं झालेलं. उलटा आहे की काय, असं वाटलेलं मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"ठिपका लाल होता ना. आणि म्हटलं, ताई गेज लावून बघतीलच." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही बघता म्हणून तर मी नऊ वर्षं घरी जाऊन स्वस्थ झोपते."

ती बसवते म्हणून मी बघत नव्हते. या एका गिअरपुरतं नाही, गेली चार वर्षं. गेजला वर्षातून एकदा कुंकू लागायचं तेवढंच.

चारला दहा मिनिटं होती. इंजिनिअर कागद बॅगेत ठेवत होता, तो मी परत मागितला. सलिल समोर होता, त्याच्याकडे बघायचं मी टाळलं. सहीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, की गेल्या चार वर्षांत पाठवलेले अकरा गिअरही मी तपासलेले नाहीत, ते सगळे परत मागवावेत.